ड्रेसरकाका आणि पांढरं पिल्लू

ड्रेसरकाका पिल्लू निवडायला आले की आधी पिल्लांकडे पाठ करून बसत. समोर पाच-सहा पिल्लांची झुंबड असायची, मालक कौतुकाने एकेकाला मानगुटीला धरून पुढे करायचा, आणि हे आपले धोतर सावरून भिंतीकडे तोंड करून, बिडी न पेटवता नुसती ओठात धरून बसलेले. नवख्याला वाटे, म्हातारा कशावरून तरी रुसला. बराच वेळ असा गेला की मग विचारत, "कोण आलं बघ रं माझ्याजवळ." जे पिल्लू आपण होऊन येई आणि त्यांच्या पाठीला नाक लावी, त्याच्यापासून तपासणी सुरू. "आपण त्याला बघाया आलोत हे त्याला कशाला कळू द्यायचं?" असं त्यांचं म्हणणं. मुलगी बघायच्या कार्यक्रमातही असंच करायला पाहिजे, असं ते घरी मोठ्यांदा सांगत, आणि काकू होत्या तोवर त्यावर आतून हमखास भांडं आपटल्याचा आवाज येई.

रेणापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. डॉक्टरांनी सांगायचं आणि यांनी जखम धुऊन पट्टी बांधायची, असं ते काम. डॉक्टर येत आणि बदलून जात, ड्रेसर तिथेच. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, आम्ही कधी ऐकलं नाही. "दवाखान्यात औषधं दोनच," ते सांगायचे, "एक लाल आन् एक पांढरं. बाकी सगळं जनावराच्या नशिबावर." हसत सांगायचे, पण त्यांना ते लागलेलं होतं. लोक कुत्रं आणायचे ते पार गळाठल्यावर, पोत्यात घालून. त्याला रक्ताची हगवण लागलेली असायची, डोळे आत गेलेले असायचे. काका त्याच्या तोंडात चमच्याने पाणी सोडत बसायचे आणि ते पाणी तसंच बाहेर यायचं. "आजारी आणल्यावर माझ्या हातात काय ऱ्हातंय? निवडतानाच नीट निवडा की." म्हणून ते पिल्लू निवडायला कुणाच्याही मागे, कितीही लांब जात. तेवढ्या एका कामात आपल्या हाताचा उपयोग होतो असं त्यांना वाटायचं.

आमच्याकडे पिल्लू निवडायच्या तऱ्हा म्हणजे विचारू नका. वीस नखं आहेत का मोजायची. जबडा उघडून टाळू काळा आहे का बघायचा, काळा असला की कुत्रं कडक निघतं म्हणे. आणि सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे कानाला धरून उचलायचं. केकाटलं तर भित्रं, गप्प राहिलं तर वाघ. काकांच्या देखत कुणी कान धरला की त्याच्या हातावर फटका बसलाच म्हणून समजा. एकदा एका चांगल्या बागायतदाराला ते म्हणाले होते, "पाटील, तुमचा कान धरून उचलतो, केकाटू नका." सगळे हसले, पाटीलही हसला, पण पिल्लू खाली ठेवलं. मग काकांनी समजावून सांगितलं की दुखल्यावर जे ओरडत नाही ते धीट नसतं, बहुतेक वेळा त्याच्या अंगात ओरडायचा जोरच नसतो. अशी किती वाघरं आठ दिवसांत पोत्यातून दवाखान्यात आली होती ते त्यांनाच ठाऊक.

त्यांची तपासणी मात्र बघण्यासारखी. आधी आई बघायची. "बाप काय गावणार हाय? आई बघा." आई अनोळखी माणसाला भुंकून मालकाच्या शब्दावर गप्प बसते का, पिल्लाला हात लावू देते का, हे पाहिल्याशिवाय ते पुढे जात नसत. मग पिल्लाच्या हिरड्या, गुलाबी आहेत की पांढुरक्या. डोळ्यांत चिपडं आहेत का, शेपटी उचलून खालची बाजू स्वच्छ आहे का. पोट नगाऱ्यासारखं तट्ट असलं की म्हणत, "बाळसं नव्हं हे, जंत हायत." मग त्याला मांडीवर उताणं करून छातीवर तळवा ठेवायचा. थोडं धडपडून शांत झालं तर स्वभावाचं चांगलं. शांतच झालं नाही तर हट्टी, लेकराबाळांच्या घरी नको. आणि मुळीच धडपडलं नाही, तर त्याला हळूच परत आईजवळ ठेवायचे आणि त्याच्याबद्दल काही बोलायचे नाहीत. सगळ्यात शेवटी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा पिल्लांच्या मागे फरशीवर टाकायचा. "दचकलंच पायजे. दचकून, लांब पळून, मग वास घ्यायला माघारी आलं पायजे. तेच्यात सगळं आलं." आणि एवढं करून निवडलेलं पिल्लू त्याच दिवशी न्यायला परवानगी नसे. दोन महिने आईजवळ राहू द्या म्हणायचे. चावायचं किती आणि खेळायचं किती, हे आई शिकवते, माणसाच्या बापाला ते शिकवता येत नाही.

पिल्लाआधी ते घर बघायचे. ही अट त्यांनी कधी उघड बोलून दाखवली नाही, पण ती होती. ज्याला पिल्लू हवं त्याच्या घरी आधी चहा प्यायचा. काका बौद्ध, सरकारी नोकर, शर्टाला कायम इस्त्री. आणि त्या काळात आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत त्यांच्यासारख्यांसाठी कोनाड्यात एक वेगळा कप पालथा घातलेला असे. लपवून काय उपयोग, आमच्याही घरात होता. मी चौथीत असताना वडिलांनी त्यांना पिल्लासाठी बोलावलं. आजीने तो कप उतरवला, फडक्याने पुसला आणि चहा भरला. काकांनी कपाकडे बघितलं, वडिलांच्या हातातल्या बशीकडे बघितलं आणि उठले. "पिल्लाचं नंतर बघू," म्हणाले. वडिलांना राग आला. आठ दिवस ते घरात धुसफुसत होते, "माणूस लई चढलाय" वगैरे. मी पिल्लासाठी रडून रडून ताप काढला. नवव्या दिवशी वडील स्वतः दवाखान्यात गेले आणि काकांना सायकलवर डबलसीट घेऊन आले. आईने तो कप आधीच उकिरड्यावर टाकला होता. काकांनी आमच्यातलाच कप घेतला, दोनदा चहा मागून घेतला, आणि जाताना मला म्हणाले, "ज्या घरात माझा कप येगळा, त्या घरात कुत्र्यालाबी सुख नसतंय, बाळू." त्यांनी निवडलेला आमचा मोत्या मी कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत जगला.

मी मास्तर झालो, लग्न झालं, गावाबाहेर कारखान्याच्या रस्त्याला घर बांधलं. काका निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगा नांदेडला नोकरीला लागला. काका इथेच एकटे राहिले. रविवारी आमच्याकडे यायचे, चहा प्यायचे, माझी मुलगी आरू हिला कुठल्या तरी जुन्या कुत्र्याची गोष्ट सांगायचे. आरू दुसरीत होती, आणि असल्या गोष्टी ऐकल्यावर मुलगी काय मागणार? काका खूश झाले. पण मला एक दिसत होतं की त्यांचे डोळे गेले होते. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं, दुसऱ्याचं करून घ्यायला ते तयार नव्हते. लांबचं मोठं किंवा पांढरं असेल तर दिसायचं, जवळचं सगळं धुकट. "हाताला दिसतंय की," म्हणायचे.

चाकूरकडच्या एका शेतात पिल्लं झाली होती. आई पश्मी, आमच्या भागातली ती लांब केसांची उंच शिकारी जात. बाप कोण ते देवाला माहीत. सहा पिल्लं होती. मालकाने गुरांच्या कोठ्यात खाट टाकली होती, पण काका नेहमीसारखे पाठ करून जमिनीवरच बसले. सगळ्यात आधी एक पांढरं पिल्लू आलं. त्यांच्या पाठीला नाक लावलं, धोतराचा सोगा ओढला आणि सोग्यावरच बसलं. काकांनी त्याला मांडीवर घेतलं. हिरड्या मला बघायला सांगितल्या, पोट स्वतः चाचपलं, उताणं करून तळवा ठेवला. ते जरासं धडपडलं आणि शांत झालं. काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आरूने तर त्याचं नाव ठेवूनही टाकलं, कापूस.

मग त्यांनी त्याला खाली सोडलं, जुडगा काढला आणि मागे फरशीवर टाकला. केवढ्यांदा आवाज झाला. पाच पिल्लं कडब्याच्या गंजीखाली पळाली. कापूस खाली पडलेलं कडब्याचं धाट चावत होता, चावतच राहिला. कानसुद्धा हलला नाही त्याचा.

"दचकलं ना?" काकांनी विचारलं.

हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण मालक बाजूला उभा होता, आरू पिल्लाला बिलगली होती, काका एवढे आनंदात होते, आणि चारचौघांत त्यांना चुकलं म्हणायचं माझ्या जिवावर आलं. आमच्याकडे याला लिहाज म्हणतात. लिहाजाच्या पोटात भित्रेपणा किती असतो, ते कुणी मोजत नाही. मी म्हणालो, "हो काका."

"माघारी आलं?"

"आलं की."

घरी आणल्यावर चौथ्या दिवशी आरूला कळलं. "बाबा, हा झोपला की हाक मारून उठत नाही. पाय आपटला की उठतो." आम्ही ताट वाजवलं, कुकरची शिट्टी झाली, फटाका लावला. काही नाही. जमीन हादरली तरच कापूस मान वळवायचा. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मापासून असणार, उपाय नाही, जपा. सुनीता, माझी बायको, म्हणाली, काकांना सांगून टाका. मी म्हटलं, सांगू, पण आत्ता नको. आयुष्यभर पिल्लं निवडली त्या माणसाने. त्याला आता काय सांगायचं, तुमचं शेवटचं पिल्लू बहिरं निघालं? आणि ते सांगायचं तर मग माझं "हो काका"ही सांगावं लागणार होतं.

मग आमच्या घरात दर रविवारी नाटक सुरू झालं. काका यायच्या आधी कापसाला सोडायचं, कारण बांधलेलं कुत्रं त्यांना खपत नसे. "बांधलेलं कुत्रं आन् कोंडलेलं लेकरू, दोन्ही चावतंय." एरवी तो दिवसभर दोरीला, घर रस्त्यालगत म्हणून. काका खुर्चीत बसून हाक मारायचे, "कापूस, ये!" आणि आरू त्यांच्या मागे उभी राहून फरशीवर पाय आपटायची. कापूस वळायचा, आरूचा हात बघायचा आणि पळत यायचा. "बघ, एका हाकंत आलं," काका मला सांगायचे. "मगजाचं हाय." सुनीता स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायची, मीही हसायचो. आरूला तर हा जगातला सगळ्यात छान खेळ वाटत होता. दोन-तीन रविवार असे गेले. मला वाटलं, असंच निभावेल.

त्या रविवारी गाळप हंगाम ऐन भरात होता. सकाळपासून उसाचे ट्रॅक्टर चालले होते, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि गाणी इतकी मोठी की ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं यायचं. काका अंगणात खुर्चीवर होते. आरू त्यांचा चहा आणायला आत गेली होती. फाटक मीच ओढून घेतलं नव्हतं. काकांना लांबचं पांढरं दिसायचं, त्यांनाच आधी दिसलं. "बाळू, ते पिल्लू रस्त्यात बसलंय."

कापूस उन्हाला, डांबरावर, ट्रॅक्टरकडे पाठ करून आपला पंजा चाटत बसला होता. काका उठून उभे राहिले आणि ओरडले, "कापूस! ये! ये रं!" त्यांचा आवाज म्हातारपणीही असा होता की शेजारच्या आखाड्यावरचे, शेतात राहणारे लोक बाहेर आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची फरशीवर आपटली. ट्रॅक्टरवरचं गाणं सगळ्या शिवाराला ऐकू येत होतं. ड्रायव्हरने ब्रेक मारला, पण भरलेल्या दोन ट्रॉल्या लगेच थांबत नाहीत. मी पळालो. पोचलो नाही.

मी परत फिरलो तेव्हा काका फाटकाला धरून उभे होते. "त्याला ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले. ते विचारत नव्हते. तेवढ्यात आरू कप घेऊन बाहेर आली, रस्त्याकडे बघितलं आणि कप टाकून ओरडली, "काका, त्याला पायानं बोलवायचं असतं! हाकंनं नाही! तुम्हाला माहीत नव्हतं!"

काकांनी डोक्याचा पंचा सोडला. कापसाला त्यात घेतलं, पाणी मागितलं आणि ओट्यावर बसून त्याचं अंग पुसायला लागले. पायाच्या बोटांमधली मातीसुद्धा काढली. आयुष्यभर जखमा धुतल्या होत्या, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. आरू त्यांना टेकून रडत होती. मी उभा होतो. अंग पुसता पुसता ते म्हणाले, "माझा हात चुकला, बाळू. लेकराला बहिरं पिल्लू दिलं मी." त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण आरू ऐकत होती, आणि तिचं कुत्रं तिच्या बापाच्या एका शब्दामुळे गेलं हे तिच्यासमोर म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

त्यानंतर काकांनी पिल्लू निवडायला जाणं सोडलं. लोक दारात यायचे, हे सांगायचे, "दुसरं कुणी बघा. माझ्या हाताला आता दिसत न्हाई." किल्ल्यांचा जुडगा कमरेला नव्हता. मुलगा नांदेडला चला म्हणून मागे लागला होताच, इतकी वर्षं न ऐकणारे काका एका फोनवर तयार झाले. गाव म्हणालं, बरं झालं, म्हातारपणी पोराकडे असावं. मला खरं कारण माहीत होतं आणि मी गावाबरोबर मान हलवत होतो.

एसटी स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. गाडी लागलेली नव्हती. बाकावर आम्ही दोघंच होतो. मी एका दमात सांगून टाकलं. "काका, किल्ल्या टाकल्या तेव्हा कापूस दचकला नव्हता. मी बघितलं होतं. तुम्ही विचारलंत आणि मी खोटं सांगितलं. तुमचा हात नाही चुकला. मी चुकलो."

काकांनी कान माझ्याकडे करून सगळं ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हसले. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले. "माझं मन राखाया सोताच्या अंगावर घ्यायलास व्हय? तुझा बाप असाच हुता शेवटी शेवटी."

"नाही काका, खरंच सांगतोय."

"हाव, हाव. लई लिहाजाचं लेकरू हाईस तू."

मी रडकुंडीला आलो. म्हणालो, "आरूची शप्पथ, काका."

त्यांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला जखमेच्या औषधाचा तो जुना वास येत होता की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. "असल्यासाठी लेकराची शप्पत घेऊ नये, बाळू," ते म्हणाले. गाडी लागली. त्यांची पिशवी वर ठेवून मी खाली उतरलो. खिडकीतून त्यांनी माझ्या आवाजाच्या अंदाजाने हात हलवला, मी उभा होतो त्याच्या जरा डावीकडे.

त्यानंतर मी दोनदा नांदेडला जाऊन आलो. दोन्ही वेळा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. खरं बोलायलाही वेळ असते, ती गेली की खऱ्याची सुद्धा दया म्हणून बोळवण होते.

परवा शाळेतून आलो तर फाटकाशी एक माणूस मोटारसायकल लावून उभा. पानगावकडचा, शेतकरी. घरात लहान मुलगी आहे, पिल्लू हवंय म्हणाला. "ड्रेसरकाकाला फोन केल्ता. ते म्हणले, बाळू मास्तरला संगं न्या. त्येचे डोळे चांगले हायत आन् त्येचा जनावरावर जीव हाय. बाकी कुणाला नेऊ नका म्हणले."

नाही म्हणायला तोंड नव्हतं, हो म्हणायचा हक्क नव्हता. त्याला म्हटलं, आधी तुमच्या घरी चहा घेऊ. सुनीता दारातून बघत होती. मी चष्मा पुसला आणि त्याच्या मागे गाडीवर बसलो.